एकोणिसावा भाग

गुरुवार, ५ जून १९९७

'घर नंबर ग्यारह'चं दुसरं पर्व आजपासून लागलं, आणि तेही तमिळमध्ये डब करून. मार्चपासून पहिले तेरा भाग दाखवले तेव्हा मला काही वाटलं नाही. विधवा कौमुदी आणि तिची लेक इरा, दोघीच घरात, मैत्रिणींसारख्या हसतात, भांडतात, एका ताटात जेवतात. ते कुणाला आवडणार नाही? भांडणं लागली ती दुसऱ्या पर्वाने. इराला परगावी नोकरी लागते आणि ती आईला एकटी टाकून जाते. दहा वर्षांपूर्वी यावरून आमच्या ब्लॉकमधल्या बायका एकमेकींशी बोलेनाशा झाल्या होत्या. मंडळाच्या हळदीकुंकवात तर सरळ दोन पार्ट्या! एक बाई म्हणाली, इराने केलं ते बरोबर, तर दुसरीने तिच्या हातचा तिळगूळ घेतला नाही. मी अर्थात कौमुदीच्या पार्टीत.

तेव्हा मालिका हिंदीत होती. अख्ख्या ब्लॉकमध्ये रंगीत टीव्ही आमच्याकडे आणि हिंदीही मलाच. मी इंदूरला वाढले, हिंदी माझ्या तोंडात खेळलेली. खालच्या मजल्यावरच्या सकवारबाई आणि समोरची कृष्णवेणी दर आठवड्याला येऊन बसायच्या. सकवारबाईंना मी मराठीतून सांगायची आणि कृष्णवेणीला माझ्या मोडक्या तमिळमधून. कौमुदी एक वाक्य बोलली की मी तीन बोलायची. हे पेपरातल्या शब्दकोड्यातून डोकं वर काढून म्हणायचे, "मूळ बाईपेक्षा तूच बरी काम करतेस."

आता उलटं झालंय. आज सकवारबाई सवयीने वर आल्या, माझ्याशेजारी बसल्या आणि माझं तमिळ बाजारापुरतं म्हणून त्याच मला समजावू लागल्या. त्यांची मराठी तंजावरची, दोन-तीनशे वर्षांपूर्वी इकडे तमिळ मुलखात आलेल्या घराण्यातली. "ऐक विमला, आतां ती पोर नोकरीची गोष्ट काढणार, अस्कें सांगतें तुला," म्हणाल्या. अस्कें म्हणजे सगळं. मी मान डोलावली. चहा गार झाला माझा.

गुरुवार, १९ जून

मागच्या आठवड्यात लिहिलं नाही, लिहिण्यासारखं काही नव्हतं. आज सोळावा भाग. बायकांचं मत बदललेलं दिसतंय. कृष्णवेणी, जी तेव्हा इराला चपलेने मारायला निघाली होती, ती आज म्हणते, "पावम, बिचारी ती मुलगी काय वाईट करते?" तिची स्वतःची लेक अमेरिकेत गेली ना, आता हिला इरा गरीब वाटणार.

मी भाषांतर करताना थोडं सोपं करून सांगायचे, एवढं खरं. शब्दाला शब्द कोण देतं? समोर दोन बाया, दोन भाषा, आणि टीव्ही काही आपल्यासाठी थांबत नाही. कुठे चार शब्द इकडचे तिकडे झाले असतील तर झाले असतील. त्याचं एवढं काय?

गुरुवार, २६ जून

सतरावा भाग झाला आणि सकवारबाई उठल्या नाहीत. म्हणाल्या, सुंदरला कंपनीने कोइंबतूरला बोलावलंय. सुंदर म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, चौतीस वर्षांची, इथेच गिंडीत पंप बनवणाऱ्या कंपनीत खरेदी बघते. कोइंबतूरला नवीन कारखाना काढलाय, तिथला सगळा खरेदी विभाग हिच्या हाताखाली देणार. पुढच्या महिनाअखेरपर्यंत, म्हणजे एकतीस जुलैपर्यंत, उत्तर द्यायचंय.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? त्या वेळीं बंगळूरच्या बँकेचें पत्र आलें तेव्हां नाही पाठवली, तर आतां पाठवूं? मी तिला म्हटलें, ती इरा पाहा. आईने इतकें केलें, आणि पोर तोंडावर दार आपटून गेली. माझ्यानें तें सोसवणार नाही, अम्मा."

त्या गेल्यावर स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसले, स्वच्छ असलेले.

बंगळूरचं मला माहीत होतं. सुंदरने बँकेची परीक्षा दिली होती, पास झाली होती, आणि सकवारबाईंनी जाऊ दिलं नाही. पण ते मालिकेमुळे, हे त्यांनी आज पहिल्यांदा बोलून दाखवलं. की तेव्हाही बोलल्या होत्या आणि मी ऐकलं नव्हतं?

गुरुवार, ३ जुलै

आता लिहूनच टाकते. या वहीला कुठे तोंड आहे?

आज अठरावा भाग होता. पोस्टमन पत्र देतो, इराला नोकरी लागल्याचं. इरा घरात नसते. कौमुदी पत्र उघडते, वाचते, आणि देवघरातल्या तसबिरीमागे सारते. एक शब्द बोलत नाही. भाग संपतो.

दहा वर्षांपूर्वी सकवारबाईंनी विचारलं, "काय करते ती?" आणि मी म्हटलं, "पत्र देवापुढे ठेवतेय. लेकीला यश दे म्हणतेय." सकवारबाईंनी तिथल्या तिथे हात जोडले होते.

ती पत्र लपवत होती. मला पहिल्यापासून कळलं होतं, आंधळ्यालाही कळलं असतं. पण सकवारबाईंना मी सांगितलं म्हणून कळलं नाही. माणूस जे ऐकतो तेच बघतो. आजही त्यांनी हात जोडले! म्हणाल्या, "आई ती आईच." आणि बोलणं काहीच नव्हतं, त्यामुळे तमिळमध्ये तरी काय कळणार?

पुढचा भाग एकोणिसावा. त्यात इराला पत्र सापडतं. तेव्हा मी सांगितलं होतं की आई साखर वाटायला निघाली म्हणून पोरगी चिडली, हल्लीच्या मुलींना आईची लाज वाटते. मग इरा दारात उभी राहून बोलते. ते मी असं सांगितलं: "मला तुझा कंटाळा आलाय. आता मी मेले असं समज." हे तिने म्हटलंच नव्हतं. काय म्हटलं होतं ते आता मला नीट आठवत नाही, पण हे नक्की नव्हतं.

मी असं का केलं? कौमुदीसाठी. नवरा नाही, दुसरं मूल नाही, बिचारीने एक पत्र लपवलं तर एवढ्यावरून बायकांनी तिला नावं ठेवली असती. मला ते बघवलं नसतं. बाकी काही नाही.

विद्युलतेने तेवढ्यात तोंड घातलं होतं हे आठवतं. आमची लेक विद्या, बावीस वर्षांची होती तेव्हा, हैदराबादच्या नोकरीसाठी खटपट करत होती. कोपऱ्यात वेताच्या मोड्यावर बसून भेंडी चिरत होती. म्हणाली, "आई, ती असं म्हणाली नाही." चारचौघींत! मी म्हटलं, "मला हिंदी शिकवू नकोस." ती उठून आत गेली. नंतर कधी मालिकेला बसली नाही. अभ्यास असेल.

मंगळवार, ८ जुलै

पाचावर धारण बसलीय. परवा दुपारी साडेतीनला सगळं बाहेर येणार. शुद्ध तमिळमध्ये.

सकाळी खाली जाऊन म्हटलं, "गुरुवारी दुपारी मैलापूरला जाऊ या का? देवळात." सकवारबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "दुपारीं साडेतीनला देऊळ कुठें उघडें असतें?" मी म्हटलं, तर मग जॉर्ज टाउनला भांडी बघायला. "ह्या उन्हांत? तुला काय झालें, विमला?" चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. ह्यांना सांगितलं असतं तर त्यांनी कोड्यातल्या शब्दासारखं उत्तर दिलं असतं, पाच अक्षरी.

गुरुवार, १० जुलै

दोन वाजता वीज गेली. ट्रान्सफॉर्मर जळला म्हणे, अख्ख्या वस्तीत पंखा नाही की टीव्ही नाही. सकवारबाई साडेतीनला वर आल्या, काळ्या पडद्यासमोर पदराने वारा घेत पाच मिनिटं बसल्या आणि गेल्या. वीज साडेपाचला आली.

सुंठीवाचून खोकला गेला! मी देवापुढे साखर ठेवली. ठेवताना तसबिरीकडे बघितलं नाही.

रविवार, १३ जुलै

दर रविवारी हैदराबादहून विद्युलतेचा फोन येतो, तसा आला. तब्येत, बाबांची गोळी, नातवाची शाळा. पोर गुणाची आहे, एक रविवार चुकवत नाही. फक्त इथे आली की तीन दिवसांच्या वर राहत नाही. दर वेळी काहीतरी काम निघतं. लग्नानंतर मुलींचं असंच होतं, सगळ्या सांगतात.

आज मी सहज विचारलं, "अगं, ती इरा दारात उभी राहून काय म्हणाली होती, तुला आठवतं? इथे तमिळमध्ये लागलीय, माझा भाग चुकला."

ती न अडखळता, पाठ केल्यासारखं म्हणाली: "चिट्ठी की बात मैं किसी से नहीं कहूँगी, माँ। मुझे जाने दो। कमरा मिलते ही तुम्हें लेने आऊँगी।"

दहा वर्षांपूर्वीचं वाक्य! काय स्मरणशक्ती! बापावर गेलीय. मी म्हटलं, "एवढं कशाला गं लक्षात ठेवायचं?" ती म्हणाली, "राहिलं." मग ठेवते म्हणाली.

गुरुवार, १७ जुलै

विसावा भाग. इरा गेलेली आहे, कौमुदी रिकाम्या घरात फिरतेय. पत्राचा उल्लेखही नाही. मागल्या भागाची उजळणीही दाखवली नाही. म्हणजे मी सुटले. झाकली मूठ सव्वा लाखाची.

सकवारबाई घळाघळा रडल्या. योगायोगाने सुंदरची रजा होती, तीही बसली होती. सकवारबाई तिच्याकडे वळून म्हणाल्या, "पाहिलेंस? असें करणार तूं माझें?"

सुंदर बघत होती टीव्हीकडेच. म्हणाली, "नाही अम्मा. मी उद्या ऑफिसात नाही म्हणून सांगते." अगदी शांतपणे. लोणी आणायला विसरले, उद्या आणते, असं सांगावं तसं.

जाताना माझ्याकडे बघून हसली. "येते मामी." तिच्या कपाळावर दोन केस पांढरे झालेत, मला आजच दिसले.

माझं ताट तसंच झाकून ठेवलं.

शुक्रवार, १८ जुलै

सकाळी सहाला खाली गेले. सुंदर ऑफिसला निघायच्या आत गाठायचं होतं. रात्रभर मनाशी म्हणत होते, आता कुणाला कळणार आहे? पण तीच तर भीती होती. कुणाला कळणारच नव्हतं.

सकवारबाई कॉफी गाळत होत्या. मी बसले नाही, उभ्यानेच बोलले, नाहीतर बोलले नसते. म्हटलं, "सकवारबाई, तेव्हा मी तुम्हांला खोटं सांगितलं. कौमुदीने ते पत्र देवापुढे ठेवलं नाही. तसबिरीमागे लपवलं. लेकीने जाऊ नये म्हणून. आणि इराने दार आपटलं नाही. ती म्हणाली, मला जाऊ दे, खोली मिळाली की तुला घ्यायला येते. लपवल्याचं कुणाला सांगणार नाही असंही म्हणाली."

कॉफी भांड्यात पडत राहिली.

"लपवलें?" सकवारबाई म्हणाल्या.

"हो."

"मी हात जोडले."

"हो."

"मी कालपरवांपर्यंत हात जोडले, विमला."

सुंदर आतल्या दारात उभी होती, वेणी अर्धी घातलेली. मला वाटलं होतं ती ओरडेल. तिने ओरडायला हवं होतं. ती म्हणाली, "मामी, तेव्हा मी चोवीस वर्षांची होते." आणि वेणी पुरी करायला आत गेली.

सकवारबाईंनी पातेलं खाली ठेवलं. म्हणाल्या, "जा."

या घरात, या गावात, कुणी कुणाला नुसतं 'जा' म्हणत नाही. जाऊन ये म्हणतात. भाजीवालीलाही. इतक्या वर्षांत सकवारबाईंनी मला कधी म्हटलं नव्हतं. मी वर आले. ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मला वाटायचंच," एवढंच म्हणाले. मग बाजारात जाऊन लोणी आणलं, घरातलं संपलं होतं.

शनिवार, २ ऑगस्ट

सुंदर कोइंबतूरला जातेय. मला हे कृष्णवेणीकडून कळलं, तिला जिन्यात कळलं. आमच्यासाठी खालचं दार बंद आहे. सकवारबाई वर येत नाहीत, समोर दिसल्या तर पदर सारखा करतात आणि भिंतीकडे बघतात. मालिका मी बंद केली. साडेतीनला आता झोपते, म्हणजे पडून राहते.

केलं ते बरं केलं की वाईट? सुंदरचं बरं झालं. दहा वर्षं उशिरा का होईना. पण तीस वर्षांत या गावात मला एक माणूस मिळालं होतं जिच्याशी मराठीत भांडता यायचं. आता ह्यांच्याशी भांडायचं तर हे कोडं सोडवत बसतात.

रविवार, ३ ऑगस्ट

सुंदर गेली. मी गच्चीतून बघितलं. रिक्षात दोन बॅगा, एक पाण्याचा कॅन, वर्तमानपत्रात गुंडाळलेला तवा. सकवारबाई फाटकाशी उभ्या होत्या. "पोयिट्टु वा," म्हणाल्या, जाऊन ये. आवाज एवढा मोठा की वर ऐकू आला. रिक्षा वळल्यावरही हात वर तसाच होता.

खाली जावंसं फार वाटलं. गेले नाही. कुठल्या तोंडाने जाऊ?

रविवार, १० ऑगस्ट

विद्युलतेचा फोन. सकवारबाई बोलत नाहीत हे तिला सांगितलं. कशावरून ते नाही सांगितलं, उगाच तिला दूरवर ताप. तिने विचारलं, "काही झालं का आई?" मी म्हटलं, म्हातारपणची भांडणं, तुला काय त्याचं. ती म्हणाली, "बरं."

बुधवार, २० ऑगस्ट

सकवारबाई आल्या. अकरा वाजता, कुलूप लावून, हातात किल्ली घेऊन. मी कॉफी करू लागले तर नको म्हणाल्या. मग म्हणाल्या, कर.

"सुंदरचें पत्र आलें," म्हणाल्या. "खोली मिळाली. दोन खिडक्या. दिवाळीला ये म्हणते, मग पोंगलपर्यंत राह म्हणते."

"जाणार?"

"जाईन. कां नाही जाणार?" रस्त्यावर भांड्यांना कल्हई करणारा ओरडत गेला.

"त्या दिवशीं मला वाटलें, हिनें माझ्या पोरीचीं दहा वर्षें खाल्लीं. रोज बसून तेंच वाटायचें. मग एक दिवस वाटलें, बंगळूरचें पत्र विमलानें नाही फाडलें. मीच फाडलें. कोणी मालिकेवरून पत्र फाडतें काय? मला फाडायचेंच होतें. तूं मला कारण दिलेंस."

मी पदर तोंडाला लावला. त्या थांबल्या नाहीत.

"आतां एक सांग. तुझ्या विद्याला सांगितलेंस?"

"विद्याला काय सांगायचं? तिला हिंदी येते. तिला तेव्हाच सगळं कळलं होतं."

"म्हणूनच विचारतें," सकवारबाई म्हणाल्या. "मला कळत नव्हतें, तर मला तूं फसवलेंस. पण तिला कळत होतें. ती तिथें बसली होती, भाजी चिरत. मग तूं तें कुणाला सांगत होतीस?"

उत्तर माझ्याकडे होतं. दहा वर्षं होतं. मी कौमुदीचं कारण सांगत होते, वहीलासुद्धा.

सकवारबाईंनी कॉफी संपवली, भांडं स्वतः विसळून ठेवलं आणि "येतें" म्हणून गेल्या.

दिवसभर फोनच्या अवतीभोवती फिरले. विद्या ऑफिसातून साडेसहाला येते. सातला लावला.

"आई?" ती दचकली. "आज बुधवार. बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. विद्या, तू बरोबर होतीस. इरा तसं म्हणाली नव्हती. मी मुद्दाम खोटं सांगितलं. सकवारबाईंना नाही, तुला. तू हैदराबादला जाशील म्हणून मी तुला ऐकवत होते, चारचौघींत, आणि तू खरं बोललीस तर तुलाच गप्प केलं."

मला वाटलं लाइन गेली. मग कुकरची शिट्टी ऐकू आली, तिच्याकडची.

"विद्या?"

"आहे," ती म्हणाली. आवाज वेगळाच लागला होता, लहानपणी ताप आला की लागायचा तसा. "आई, ठेवू नकोस हं. गॅस बंद करून येते."

मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. ह्यांनी कोडं बाजूला ठेवलं, जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून माझ्यामागे आणून ठेवली, आणि मी बसले.